कॅमेऱ्याचा कौल

स्नेहलची पीएचडी का संपत नाही, याचं बोरीच्या कोंडात एकच उत्तर होतं: पोरगी हुशार आहे, पण सरकार तिच्या वाईटावर आहे. आणि खोटं कशाला बोला, पुरावाही तसाच होता.

तिचा विषय तंत्रज्ञानाचं नियमन आणि सार्वजनिक धोरण. म्हणजे नवीन यंत्र आलं की त्याला नियम कोणी लावायचे, कसे लावायचे आणि लावताना लोकांना विचारायचं की नाही. सुरुवातीला तिने ड्रोन घेतले. ड्रोनचे नियम आले, तिने ते बारकाईने वाचले, प्रकरण लिहिलं, आणि त्याच वर्षी सरकारने ते नियम रद्द करून दुसरे काढले. मग तिने लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचं विधेयक धरलं. त्यातलं कलम न् कलम तिला पाठ झालं, आणि सरकारने विधेयकच मागे घेतलं. गावकीचे अध्यक्ष हैबती आबा तेव्हा खरोखरच काळजीत पडले होते. "पोरी," ते म्हणाले, "तू काय लिहितेस ते त्यांना कळतं तरी कसं?"

तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शिनी मॅडम मुंबईत संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर बसायच्या आणि थंड चहा प्यायच्या. त्यांनी शेवटी सांगितलं, "स्नेहल, ही शेवटची मुदतवाढ. आता असा नियम शोध, जो दिल्लीतून कोणी मागे घेऊ शकणार नाही."

असा नियम स्नेहलच्या गावातच होता. तो वाघजाईने घालून दिलेला होता.

झालं होतं असं. बोरीचा कोंड म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत असलेली वाडी. घरातले कर्ते बहुतेक मुंबईत, गावात राहतात बाया, म्हातारी माणसं आणि गुरं. गाव चालवते गावकी, आणि गावकीला चालवतं मुंबईत गेलेल्या गाववाल्यांचं मंडळ. दोन वर्षांमागे वाघजाईच्या देवळातली पितळी घंटा चोरीला गेली. मंडळात एकच बोंब झाली. मंडळाचा सेक्रेटरी दत्ताराम हा वडाळ्याला एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर. तो म्हणाला, "सिंपल हाय. कॅमेरा बसवा. आपण मुंबईतून मोबाईलवर लाइव्ह बघू."

पण देवळाला खिळा ठोकायचा तरी देवीला विचारावं लागतं, तिथे कॅमेऱ्याची काय कथा! गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात जोडून विचारलं, "आई, तुझ्या राखणीसाठी कॅमेरा लावतो, तुझ्यावर नजर ठेवील. राजी असशील तर उजवा दे." डावी पाकळी टपकन पडली. वाऱ्याने पडली असेल म्हणून दार लोटून पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी हैबती आबांनी तोडगा काढला, "तुझ्याकडं पाठ करून लावला तर चालंल काय, आई?" उजवी पाकळी लगेच पडली. सगळ्यांना हायसं वाटलं.

तर कॅमेरा बसला देवळाच्या वळचणीला, देवीकडे पाठ करून. त्याच्या समोर आल्या देवळाच्या पायऱ्या, पायऱ्यांखालचा नळ आणि नळापलीकडची घरांची अंगणं. पुढच्या श्रावणात दानपेटी गेली. रेकॉर्डिंग काढून बघितलं, तर त्यात हैबती आबांची बकरी रात्रभर नळाशी बसलेली दिसली. चोर मागच्या अंगाने आला होता. तरी कॅमेरा वाईट आहे असं कोणीही म्हटलं नाही, कारण तोवर मुंबईकरांना त्याची चटक लागली होती. मंडळातल्या घराघरांतल्या मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ बोरीचा कोंड चालू असायचा.

प्रियदर्शिनी मॅडमनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्या गावात कॅमेऱ्यासाठी संमती घेतली गेली?"

"हो."

"कोणाची?"

"देवीची."

"आणि ज्या माणसांवर तो लावलाय त्यांची?"

"त्यांची नाही घेतली."

"हा तुझा प्रबंध," मॅडम म्हणाल्या. सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

स्नेहल कामाला लागली. गणपतीला सुट्टी काढून गावात गेली, घरोघर बसली, बोलली. तिला फार खोदावंही लागलं नाही. चुलत भावाची बायको उज्वला नळावर दोन हंडे भरता भरता शेजारणीशी हसली, की घाटकोपरहून नवऱ्याचा फोन. "एवढं काय हसायला झालंय?" डोक्यावरचा पदर घसरला की फोन. अंगणात झोपाळ्यावर बसली की फोन. उज्वलाने शेवटी नळ सोडला आणि ती खालच्या विहिरीवरून पाणी आणायला लागली. तिच्यामागून आणखी बाया गेल्या. घरासमोर नळ असताना बाया विहिरीची वाट चढतात-उतरतात, हे मुंबईत कोणाला कळलं नाही. विहीर कॅमेऱ्यात येत नव्हती.

"हे तू पुस्तकात लिव्ह," उज्वला म्हणाली, "पण माझं नाव नको घालूस गो."

"नाही घालणार, वहिनी."

"आनि विहिरीचंबी नको सांगूस. तिथं आनि एक बसवतील."

स्नेहलला हे सगळं मनापासून टोचलं. रागही आला. तिने ठरवलं की शिमग्याला सगळे मुंबईकर गावात येतात, तेव्हा गावकीच्या बैठकीत ठराव मांडायचा. मुंबईतलं लाइव्ह बघणं बंद. रेकॉर्डिंग राहू दे, पण ते चोरी झाली तरच उघडायचं, तेही गावकीसमोर. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं राहणार होतं. ठराव पास झाला तर प्रबंध पूर्ण, नाही झाला तर मुदत संपली, मुलगी घरी.

पण एक गोष्ट तिने मॅडमना सांगितली नव्हती, आणि प्रबंधातही कुठे लिहिली नव्हती. ती स्वतः रोज बघत होती.

तिचे वडील गेल्यापासून गावात आई एकटी. चंद्राबाई. फोनवर बोलणं म्हणजे तिला शिक्षा. "जेवलीस? बरं हाय ना? ठेव मग." एवढ्यात फोन बंद. त्यापेक्षा कॅमेरा बरा. मानखुर्दच्या खोलीत सकाळी स्टोव्हवर चहा ठेवायचा, मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचा आणि वाट बघायची. उन्हं पायऱ्यांवर आली की चंद्राबाई खालून चढत यायची, एक हात गुडघ्यावर, एका हातात फुलांची परडी. वरच्या पायरीवर आली की दम खायला जरा थांबायची. पदर नीट करायची, वर बघायची. मग देवीकडे वळली की कॅमेऱ्यातून नाहीशी. थोड्या वेळाने परत येऊन उतरून जायची. तोवर स्नेहलचा चहा झालेला असायचा.

याला पाळत म्हणायचं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. पाळत म्हणजे उज्वलाचा नवरा करतो ती. आपण फक्त आईला बघतो. एकदा फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "आये, आज हिरवं लुगडं छान दिसत होतं." चंद्राबाई म्हणाली, "तुला कुठं दिसलं?" स्नेहलने सांगितलं. "हां का" म्हणून चंद्राबाईने फोन ठेवला. विषय तिथेच संपला, असं स्नेहलला वाटलं.

आता लाइव्ह बंद करायचा ठराव तिनेच मांडायचा म्हणजे आईचं ते रोजचं दर्शन तिनेच बंद करायचं. या विचाराने तिला आठ दिवस नीट जेवण गेलं नाही. एका रात्री तर तिने ठरावाला पोटकलम जोडलं की एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या नातेवाइकांना सूट असावी. सकाळी उठून स्वतःच ते खोडलं. लाज वाटली तिला. कायद्यात सूट आपल्या माणसासाठीच कशी निघते, यावर तिचं एक आख्खं प्रकरण होतं.

शिमग्याला ती वीर स्टेशनला उतरली, रिक्षाने महाड, महाडहून पोलादपूर, पुढे वडापची जीप. घरी पोचली तर चंद्राबाई ओटीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"किती दिवसांनी आलीस गो," ती म्हणाली.

"काम होतं, आये."

"हां," चंद्राबाई म्हणाली, आणि दुसरा गुडघा घेतला.

स्नेहलने गावातल्या प्रत्येक घरात जाऊन कॅमेऱ्याबद्दल विचारलं होतं. फक्त स्वतःच्या घरात विचारलं नव्हतं. आपल्या आईला काय वाटतं हे आपल्याला ठाऊकच आहे, असं शिकलेल्या माणसालाही वाटतं, यात नवल काही नाही.

पालखी नाचून सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे बैठक भरली. मुंबईकर पुढे सतरंजीवर, गावचे म्हातारे पायऱ्यांवर, बाया नळाच्या बाजूला उभ्या. स्नेहल उठली आणि तिने ठराव मांडला.

दत्ताराम लगेच उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. "स्नेहल, तू शिकलेली हायस, तुला रिस्पेक्ट हाय," तो म्हणाला. "पन एक सांग. गेल्या पावसात माजे बाबा या नळापाशी घसरून पडले, तेव्हा कोनी बघितलं? गावात कोनी नव्हतं, सगळे लावनीला. मी वडाळ्यातून बघितलं. मी फोन केला, म्हनून मानसं धावली. कॅमेरा नसता तर?"

त्याचे बाबा पायरीवरच बसले होते, त्यांनी मान हलवली. जगातल्या कुठल्याही कायद्यात याला चांगलं उत्तर नाही, आणि स्नेहलने बहुतेक सगळे वाचले होते.

"दादा, तू म्हणतोस ते खरं आहे," ती म्हणाली. "पण कॅमेरा लावताना आपण देवीला विचारलं. तिला नको होतं तर फिरवला. मग ज्यांच्याकडे फिरवला, त्यांना एकदा तरी विचारायला नको?"

हैबती आबा म्हणजे माणूस न्यायाचा. "पोर बरोबर बोलते," ते म्हणाले. "ईचारायचं झालं तर कौल लावूनच ईचारू. जो कॅमेऱ्यात रोज दिसतो, त्यानं उभं ऱ्हायाचं. कॅमेरा चालू हवा त्यानं देवीच्या उजव्या अंगाला, नको त्यानं डाव्या अंगाला. मुंबईवाल्यांनी बसून ऱ्हायाचं. तुमी दिसत नाय, तुमी बघता."

हे ऐकून स्नेहलला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात बाया पुढे आल्या, आणि एक एक करत उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. समोर सतरंजीवर नवरे, सासरे, दीर बसलेले. उज्वला आली, तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, खाली मान घातली आणि उजवीकडे गेली. म्हातारे गेले. दत्तारामचे बाबा गेले. उजवीकडे दाटी झाली, डावीकडे हैबती आबांची बकरी तेवढी उभी. मतदान गुप्त असावं हे स्नेहलने पहिल्या वर्षीच शिकलेलं होतं, आणि आज ते तिला साफ आठवलं नव्हतं. आता आठवून उपयोग काय, डोंबलाचा! प्रबंध गेला, मुदत गेली.

शेवटी राहिली चंद्राबाई. ती नळाच्या कट्ट्यावर बसली होती. गुडघ्यावर हात ठेवून उठली, सगळ्यांसमोरून सावकाश चालत आली, आणि डावीकडे जाऊन उभी राहिली. एकटी.

दत्ताराम हसला. "काकी, तुमी पोरीसाठी उभ्या ऱ्हायलात. असू दे. मेजॉरिटी क्लियर हाय."

"पोरीसाठी नाय," चंद्राबाई म्हणाली. "पोरीपायी."

"म्हंजे?"

चंद्राबाई चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. तिने पदराचं टोक हातात धरलं आणि बोलली, सगळं एका दमात.

"माजा गुडघा गेला, डागदर म्हनला पायऱ्या चढू नको. देवीला मी घरातून हात जोडते, तिला चालतं. पन ही तिकडून बघते, हे मला कळलं, म्हनून चढते. रोज. वरच्या पायरीवर उभी ऱ्हाते, तिला नीट दिसावं म्हनून. पदर सारखा करते, नायतर म्हनंल आये खंगली. पयलं मला बरं वाटलं. मग कळलं, तिचं बघून भागतं. आधी दर म्हयन्याला यायची. कॅमेरा आला नि यायची बंद झाली. गनपतीला आली ती आता आली. तिला मी रोज दिसते. मला ती कुठं दिसते?"

स्नेहलने मान वर केली नाही. तिला वाटलं होतं आई दम खायला थांबते. ती दोन वर्षं रोज हे बघत होती आणि तिने ते असं लिहून घेतलं होतं मनात, की आईला धाप लागते. ती सगळ्यांदेखत रडली.

दत्तारामने घसा खाकरला. "वाईट वाटलं, काकी. पन एका मतानं…"

"दत्तू," हैबती आबा म्हणाले, "देवीची डावी पाकळी पडली तवा उजवी चिकटून व्हती का नव्हती?"

"व्हती."

"मग आपन मेजॉरिटी मोजली व्हती काय?"

दत्ताराम खाली बसला.

"एक डावी पडली की कौल डावा," हैबती आबांनी निकाल दिला. "बघनं बंद. चोरी झाली तर गावकीपुढं उघडायचं. दत्तू, काय दाबायचं ते आत्ताच दाब."

दत्तारामने सगळ्यांसमोर मोबाईल काढला आणि दाबायचं ते दाबलं. सतरंजीवरच्या दोघा-चौघांनी आपापले फोन काढून खात्री करून घेतली. पडदे काळे झाले होते. मग त्याने आपल्या बाबांकडे बघितलं. हैबती आबांना ते दिसलं. "तुज्या बापाशी रोज दोन येळा मी जाऊन बसंन," ते म्हणाले. "नायतरी मला काम काय हाय?" उज्वला उजवीकडून हलली नव्हती, पण तिने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि वारा घातला.

प्रियदर्शिनी मॅडमना स्नेहलने संध्याकाळी देवळापाशी उभं राहून फोन केला, रेंज तिथेच येते. मॅडम आनंदल्या. एका व्यक्तीचा नकार सर्वांना बंधनकारक, असं नियमन त्यांनी युरोपातही पाहिलं नव्हतं. "आणि नकार देणारी ती एक उत्तरदाती," त्यांनी विचारलं, "तिचं कारण काय होतं?"

"मी," स्नेहल म्हणाली.

"ते संशोधनाच्या मर्यादांमध्ये घाल," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली. स्नेहल उठून बघते तर चंद्राबाई घरीच होती. परडी खुंटीला. चुलीपाशी चहा उकळत होता.

"देवळात नाय गेलीस?"

"कशाला?" चंद्राबाई म्हणाली. "बस इथं. माज्यासमोर बस."

स्नेहल पाटावर बसली. चंद्राबाईने देव्हाऱ्यातून चष्मा आणला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बघायला लागली. चहा उतू गेला, तरी ती उठली नाही. स्नेहलला हसू यायला लागलं, मग अवघडल्यासारखं झालं, मग तिने बघू दिलं. चंद्राबाईने हात पुढे करून तिच्या कानामागची बट उन्हात धरली.

"केस पिकले की गो तुझे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाय."